धसका उतरवताना: आधी घर, मग रान, गोष्ट सगळ्यात शेवटी

धसका घेतलेल्या माणसाला घरचे लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. 'विसरून जा' आणि 'सगळं एकदा बोलून टाक, मन मोकळं होईल'. अलीकडे तिसरीही ऐकू येते: 'दोन दिवस येऊरच्या जंगलात जाऊन ये, झाडाझुडपांत बरं वाटेल'. पहिली कुणालाच जमत नाही. दुसरी वेळेआधी केली तर खपली निघते. तिसऱ्या सल्ल्यात चूक फक्त क्रमाची असते.

ठाण्यात समुपदेशन करताना माझ्याकडे येणारी अर्धीअधिक माणसं हा क्रम उलटा करून आलेली असतात. आधी जंगल किंवा शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), मग कुणासमोर तरी रडून सगळं सांगणं, आणि झोप, जेवण, घरातली सुरक्षितता हे सगळ्यात शेवटी. मीही तेच केलं होतं. घोडबंदर रस्त्यावरच्या एका अपघातातून मी वाचले, पण झोप गेली. नातेवाइकांनी प्रेमानं एका ध्यानशिबिरात नेलं. बंद दारांचा हॉल, पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. दहाव्या मिनिटाला ब्रेकचा आवाज कानात इतका स्पष्ट आला की मी अनवाणी बाहेर पळाले आणि चपलांच्या स्टँडपाशी बसले. काय करावं सुचेना म्हणून चपला मोजायला लागले. निळा पट्टा, तपकिरी, अंगठा तुटलेली, लहान मुलाची. तिसाव्या चपलेपर्यंत श्वास जागेवर आला. त्या दिवशीचा खरा उपचार तो होता, पण हे मला फार उशिरा कळलं.

खालचा क्रम तेव्हापासून जुळत गेलेला आहे. टप्पे वगळू नका, आणि एखाद्या टप्प्यावर दोन महिने राहावं लागलं तरी राहा.

टप्पा १: हे घरचं काम आहे की डॉक्टरांचं?

अपघात, हल्ला, घरातली मारहाण, अचानक आलेला मृत्यू, पाण्यात अडकणं. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं, त्या वाटेनं जायचं टाळणं हे बहुतेकांना होतं. बऱ्याच जणांचं हळूहळू आपणहून ओसरतं. २६ जुलै २००५ची रात्र ज्यांनी कमरेएवढ्या पाण्यात काढली, त्यांच्यातले काही जण अजूनही पाऊस वाढला की घरच्यांना तासातासाला फोन करतात. तेवढ्यानं कुणी आजारी ठरत नाही.

पण महिना उलटूनही दुःस्वप्नं थांबत नसतील, अंग सतत ताठलेलं राहत असेल, किंवा उलट सगळं सुन्न पडलं असेल, आपल्याच मुलाला जवळ घेतानाही काही वाटत नसेल, कामावर जाणं अवघड झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना दाखवाच. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलत नेणारा संवादोपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीनं आठवण हाताळणारा उपचार) या यासाठीच्या सिद्ध पद्धती आहेत. झाडं, माती, ओव्या, तेल हे सगळं त्यांच्या जोडीला चालतं. त्यांच्या जागी चालत नाही.

पुढच्यापैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच मदत घ्या:

- जीव द्यावासा वाटणं, स्वतःला इजा करणं
- इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं
- झोप लागावी म्हणून रोज दारू किंवा गोळ्या घेणं
- इजा करणारा माणूस अजून त्याच घरात असणं

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८.

आपल्याकडे 'याला ठाण्याला न्या' हा विनोद इतका मुरलाय की ठाण्यातलीच माणसं इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची पायरी चढायला कचरतात. १९०१ पासून ते तिथे आहे, बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि तिथे केसपेपर काढला म्हणजे कुणी भरती करून घेत नाही. दाखवायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं.

सावध: छातीत दुखलं की 'धसकाच असेल' असं स्वतः ठरवू नका. आधी हृदयाची तपासणी. आणि मनाची औषधं चालू असतील तर 'आता निसर्गोपचार सुरू केलाय' म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका.

टप्पा २: पंधरा दिवस फक्त तयारी

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, कारण यात 'उपचार' केल्यासारखं काही वाटत नाही.

झोपेपासून सुरू करा. झोप लागो न लागो, उठायची वेळ एकच ठेवा. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दारूनं डोळा लागतो, पण पहाटे तीनला तीच उठवते आणि स्वप्नं जास्त भेसूर होतात. रात्री मिट्ट अंधार सोसत नसेल तर छोटा दिवा लावून झोपा, त्यात लाज कसली.

मग जेवण. धसक्यात भूक मरते, आणि पोट रिकामं असलं की हात थरथरतात, धडधड वाढते. ती भीतीसारखीच वाटते. पेज, वरणभात, ताक, जे उतरेल ते, पण वेळेवर.

फोनमधून त्या प्रसंगाचे व्हिडिओ, फोटो, बातम्यांच्या लिंक काढून टाका. पोलिसांसाठी किंवा विम्यासाठी लागणार असतील तर विश्वासातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरत असेल तर ग्रुप म्यूट करा.

एक साथीदार ठरवा. शहाण्यापेक्षा शांत माणूस निवडा. बहुतेक घरांत तो सख्खा भाऊ नसतो, एखादी मावशी किंवा जुनी शेजारीण असते. तिला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा: त्या प्रसंगाबद्दल विचारायचं नाही, विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, आणि 'चल ना, एवढं काय' म्हणायचं नाही.

शेवटी एक शंभर पानी वही. रोज संध्याकाळी तीनच नोंदी: किती तास झोप झाली, काय जेवलो, आणि आजचा धसक्याचा आकडा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे आता पळून जाऊ की मरू असं होणं. प्रसंगाचं वर्णन या वहीत लिहायचं नाही. बऱ्याच जणांना इथेच सगळं लिहून काढायची ऊर्मी येते. ती टप्पा ७ साठी राखून ठेवा.

तपासणी: पंधरा दिवसांतल्या निदान दहा दिवसांची वही भरली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, आणखी एक आठवडा इथेच.

टप्पा ३: अंग ठिकाणावर आणायला शिकणं, तेही घरातच

धोका टळलाय हे डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग एका आवाजावर, एका वासावर घंटा वाजवतो आणि विचार करणारा भाग मागाहून पोचतो. म्हणून 'घाबरू नकोस' हे शब्द उपयोगाचे ठरत नाहीत. अंगाला अंगाच्या भाषेतच सांगावं लागतं. हे घरात जमायच्या आधी रानात गेलात तर तिथे घंटा वाजल्यावर हातात काहीच नसतं.

पहिलं साधन पायांचं. खुर्चीत बसा, तळवे फरशीवर टेकवा, डोळे उघडे. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्यानं घ्या. मग स्पर्शाच्या चार, आवाजाच्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. नुसतं 'कप' म्हणू नका, 'कान तुटलेला पांढरा कप' म्हणा. तपशिलानंच काम होतं. कळव्याहून येणाऱ्या एका गृहस्थांना हे पोरखेळ वाटायचं. त्यांनी रेल्वे अपघात जवळून पाहिला होता. तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "मॅडम, पायाखालची फरशी हलतेय." मी विचारलं, "फरशीवर काय काय आहे, सांगता?" त्यांनी खाली पाहिलं. "एक डाग आहे. चहाचा. नकाशासारखा. कोकणासारखा." आणि स्वतःच हसले. फरशी हलायची थांबली होती.

दुसरं साधन श्वास. चार आकडे मोजत नाकानं आत, सहा आकडे मोजत बाहेर. पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब. मोजण्यानंच धाप लागत असेल तर मोजू नका, नुसता सुस्कारा सोडा.

तिसरं भ्रामरी. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव, पाच-सहा वेळा. डोळे उघडे ठेवूनच, आणि कान दाबायचे नाहीत. कान बंद झाले की काहींना कोंडल्यासारखं होतं.

चौथं रात्री झोपण्याआधी तळपायाला तेल. तिळाचं किंवा खोबरेल, कोमट. काशाची वाटी असेल तर तूप लावून तिनं चोळा. आजीच्या हातचं असेल तर बरंच, पण अंगावर झालेल्या अत्याचाराचा प्रसंग असेल तर दुसऱ्याचा हात नको. स्वतःचे तळपाय स्वतः चोळा. तेल लावल्या पायानं मोरीत जाऊन घसरू नका, सुती मोजे घाला.

सावध: कपालभाती, भस्त्रिका असे जोरात श्वासाचे प्रकार सध्या नकोत. भराभर श्वासानं हातापायाला मुंग्या येतात, गरगरतं, आणि अंगाला तो भीतीचाच झटका वाटतो. लांब वेळ डोळे मिटून ध्यानही नको. 'सुरुवातीला त्रास होतो, मग जातो' असं सांगणाऱ्या शिक्षकाला नमस्कार करून घरी या.

तपासणी: आकडा सहावर असताना दहा मिनिटांत तीन-चारवर आणता येतो का? आठवड्यात तीनदा जमलं की दार उघडायचं.

टप्पा ४: जागा निवडणं

सगळ्यात सुंदर जागा ही सगळ्यात चुकीची निवड असू शकते. पहिल्या जागेला हे लागतं: घरापासून अर्ध्या तासात पोचता यावं, बाहेर पडायची वाट दिसत राहावी, बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह असावं, फोनला रेंज असावी, थोडी माणसं असावीत पण गर्दी नसावी, आणि त्या प्रसंगाची आठवण देणारं काही नसावं. बुडण्याचा प्रसंग असेल तर तलाव नको. पाठलाग झाला असेल तर दाट झाडी नको. सरळ वाटतं, पण लोक विसरतात.

ठाण्यात पाचपाखाडीचा कचराळी तलाव सुरुवातीला चांगला. फेरी छोटी, सकाळी चालणारे पुष्कळ, त्यामुळे एकटं वाटत नाही. उजाडतानाची झुंबड टाळून जरा उशिरा जा. मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, संध्याकाळी मुळीच नको. हॉर्न, फेरीवाले, कोपिनेश्वराकडची वर्दळ, यात धसकलेलं अंग तासभरात थकून जातं. उपवन मधल्या टप्प्यासाठी: पाणी समोर, येऊरचा डोंगर मागे, आणि रिक्षा हाताशी. शनिवार-रविवार संध्याकाळ वगळा.

नवी मुंबईकरांसाठी नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान किंवा वाशीचा मिनी सीशोर. दोन्हीकडे वाट मोकळी आणि नजर दूरवर जाते, हे फार महत्त्वाचं. खारघरचं सेंट्रल पार्क मोठं आहे, प्रवेशद्वाराजवळचाच भाग धरा. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिवरांमुळे वेगळं. नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीत रोहित पक्षी असतात. पण तिथली बोटीची फेरी पहिल्या महिन्यात नको, मध्येच उतरता येत नाही.

येऊर शेवटी. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. आत जायला वनखात्याचे नियम आणि वेळा आहेत, त्या पाळा. अंधार पडायच्या आत बाहेर. 'जंगलात एकटं बसलं की मन शांत होतं' हे वाचून संध्याकाळी झाडीत एकटे बसलेले लोक मी पाहिले आहेत. बिबट्याला तुमच्या मनःशांतीचं काही पडलेलं नसतं.

सावध: पावसाळ्यात धबधबे नकोतच. खारघरच्या पांडवकड्यावर माणसं वाहून गेलेली आहेत, म्हणूनच तिथे बंदी असते. पारसिक डोंगराच्या उतारांवरही शेवाळ धरतं.

टप्पा ५: पहिली फेरी, चाळीस मिनिटांची

सकाळी साडेसात ते नऊची वेळ धरा. पोटात काहीतरी असू द्या. पाणी, टोपी, एक रुमाल, पावसाळ्यानंतर डासांचं मलम. फोन सायलेंटवर पण चालू. साथीदार दोन पावलं बाजूला, मागे नको. मागून येणारी पावलं पुष्कळांना सहन होत नाहीत.

पहिली पाच मिनिटं फाटकापाशीच उभे राहा आणि आकडा बघा. सहा किंवा जास्त असेल तर आत जाऊ नका, टपरीवर चहा घ्या आणि घरी या. तीही फेरीच धरायची.

पुढची दहा मिनिटं नुसतं चालणं, नेहमीच्या अर्ध्या वेगानं. व्यायाम करायचा नाही, पावलं मोजणारं घड्याळ घरी ठेवा.

मग पंधरा मिनिटं एकाच जागी. उघड्या डोळ्यांनी एकच गोष्ट बघा. आपल्याकडे यासाठी तांबट पक्ष्याइतका कामाचा कुणी नाही. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ लाल, आणि भांड्यावर हातोडी मारावी तसं 'टुक टुक टुक' तासन्तास. उन्हाळ्यात तर उन्हं चढली तरी थांबत नाही. आवाज ऐकत त्याला शोधायचं. हमखास दहा मिनिटं सापडत नाही, कारण बोलताना तो मान फिरवतो आणि आवाज वेगळीकडून आल्यासारखा वाटतो. तेवढा वेळ मन दुसरीकडे जात नाही. तांबट नसेल तर पिंपळाचं एक पान, त्याची लांब शेपटी, वाऱ्यानं सळसळताना शेजारच्या आंब्याचं पान मात्र स्थिर. जपानमध्ये याच कामाला १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान असं नाव दिलं गेलं. स्नानाला गेल्यावर आपण डोंगर सर करत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

उरलेली दहा मिनिटं परतीची. निघण्याआधी त्या जागेतली एक गोष्ट खिशात घ्या: गळून पडलेलं बी, खडा. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काही उचलू नका. घरी घंटा वाजली की ती हातात धरायची.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिली फेरी छान गेली की दुसऱ्या दिवशी तीन तास. आणि मग तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. आठवड्यातून तीन फेऱ्या, चाळीस मिनिटं, निदान दोन आठवडे तेवढंच.

तपासणी: घरी आल्यावर दोन तासांनी आकडा बघा. निघतानापेक्षा कमी किंवा तेवढाच हवा. सलग तीनदा जास्त आला तर जागा बदला, माणूस बदला, किंवा टप्पा ३ वर परत या. फेरीत मध्येच रडू आलं तर थांबवू नका, पण बसा आणि तळवे जमिनीला टेकवा.

टप्पा ६: माती

दोन आठवड्यांनंतर हाताला काम द्या. गॅलरीतल्या कुंड्या पुरतात. मेथी पेरा, चार-पाच दिवसांत उगवते. आणि उगवताना दिसणं ही यातली मुख्य गोष्ट आहे. तुळस, गवती चहा, पुदिना हे वासासाठी. गुलाब नको. तो ठाण्याच्या गॅलरीत मरतो आणि आधीच खचलेल्या माणसाला 'माझ्या हातून झाडसुद्धा जगत नाही' असं वाटतं. हे मी दोनदा पाहिलंय.

हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

परंपरेतलं काय घ्यावं हा प्रश्न याच सुमाराला येतो, म्हणून इथेच सांगते. आपल्या बायकांनी जात्याशी जे केलं ते मी सगळ्यांत वर ठेवते. दोन्ही हातांना एकच लय, आवाज घशातून, आणि दुःख थेट न सांगता 'बाई माझं' म्हणत ओवीत गुंफलेलं. जातं नसेल तर खलबत्ता घ्या, ताक घुसळा, शेंगदाणे कुटा आणि सोबत जे येतं ते गुणगुणा. आवाज बेसूर असला तरी चालतं. हरिपाठ, भजनाच्या टाळांची साथ, दिंडीत चार पावलं चालणं, हेही याच कुळातलं: लय, श्वास, आणि माणसांत असूनही कुणाला उत्तर द्यायची सक्ती नसणं. मात्र मंडळात मागच्या रांगेत, दाराजवळ बसा. टाळ-पखवाज टिपेला पोचल्यावर बाहेर जाता आलं पाहिजे. श्रद्धा नसेल तर भजनाची जबरदस्ती करून घेऊ नका, शेंगदाणे पुरेत.

शिरोधारा, अभ्यंग हे नोंदणीकृत वैद्यांकडूनच, आणि आपला प्रसंग काय आहे हे त्यांना आधी थोडक्यात सांगून. डोळ्यांवर पट्टी, उताणं झोपणं, अनोळखी हात, यातलं काय नको ते तुम्ही ठरवायचं. अश्वगंधा 'नैसर्गिक आहे' म्हणून ऑनलाइन मागवू नका. थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांशी तिचं जमत नाही, गरोदरपणात नको, आणि काही जणांच्या यकृताला तिनं इजा झालेली आहे. सर्पगंधा तर वैद्यांशिवाय मुळीच नको. तिनं रक्तदाब उतरतो आणि मन आणखी खचू शकतं.

दृष्ट काढायला माझी हरकत नाही. मीठ-मोहरी ओवाळणारा हात मायेचा असतो आणि माया लागतेच. पण 'बाहेरचं लागलंय' म्हणून कुणी मारहाण करायला, धुरी द्यायला, कोंडून ठेवायला निघाला तर तो उपचार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

टप्पा ७: गोष्ट सांगणं

आता. झोप बरी आहे, आकडा खाली आणता येतो, आठवड्यातून तीनदा बाहेर पडणं होतंय. कुणाला इथवर यायला दोन महिने लागतात, कुणाला आठ.

गोष्ट प्रशिक्षित माणसासमोर सांगा. विचारून घ्या: 'आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? मला मध्येच थांबायचं असेल तर काय करायचं?' दुसऱ्या प्रश्नावर जो वैतागतो त्याच्याकडे जाऊ नका. पहिल्याच भेटीत 'सगळं सविस्तर सांगा' म्हणणाराही नको.

गोष्ट मधून सुरू केली तरी चालते. शेवटून सुरू करणं तर पुष्कळदा सोपं: 'मी वाचलो, घरी आलो, आईनं चहा दिला' इथून मागे. प्रत्येक भेटीआधी आणि नंतर ठरलेल्या जागी वीस मिनिटं चालणं ठेवा. कळव्याच्या त्या गृहस्थांनी गोष्ट सांगितली तेव्हा खिशात उपवनचा एक खडा होता. तासभर तो हातात फिरत होता. नंतर टेबलावर ठेवला तर घामानं काळा झालेला.

घरच्यांसाठी: तुम्हाला गोष्ट सांगितली नाही म्हणून रुसू नका. आणि सांगितली तर 'तू तेव्हा असं का नाही केलंस' हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका.

टप्पा ८: त्या जागेकडे परत, आणि आवाजाचे दिवस

प्रसंगाची जागा कायमची टाळता येत नाही, विशेषतः ती रेल्वे स्टेशन असेल तर. पण तिथे पायरी-पायरीनं परत जायचा जिना समुपदेशकाबरोबर आखायचा. त्या गृहस्थांचा असा होता: आधी स्टेशनबाहेरचा रस्ता, मग पुलावर दुपारी दोन वाजता, मग फलाटावर बाकावर बसून दोन लोकल जाऊ देणं, मग एकच स्टेशन, सोबतीला बायको, आणि सगळ्यात शेवटी सकाळी आठची गर्दी. प्रत्येक पायरीवर आकडा तीनपर्यंत उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. आकडा वर असताना पळून आलात तर अंग 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतं.

ठाण्यात दहीहंडी, विसर्जनाच्या मिरवणुका आणि दिवाळी हे वेगळं प्रकरण आहे. स्पीकरच्या भिंतीपुढे बरी झालेली माणसंही हलतात. आठवडाभर आधी ठरवा: कानात घालायचे बोळे, खिडक्या रस्त्याच्या नसलेली खोली, किंवा सरळ दोन दिवस गावी. पहिल्या फटाक्यानंतर योजना करू नका.

तसाच त्या प्रसंगाचा वर्षदिवस. तारीख लक्षात नसली तरी अंगाला हवेवरून कळते, विशेषतः पावसाळ्यातला प्रसंग असेल तर. आधीचा आठवडाभर झोप बिघडली तर दचकू नका, कॅलेंडर बघा. त्या दिवशी सुट्टी टाका, साथीदाराला आधीच बोलावून ठेवा, सकाळची फेरी नेहमीच्याच जागी करा, आणि दुपारच्या जेवणाला काय करायचं हे आदल्या रात्रीच ठरवा. कळव्याच्या गृहस्थांनी पहिल्या वर्षदिवसाला कोंबडीवडे ठरवले होते. सकाळी तांबट शोधत बसले, घरी उशिरा पोचले आणि वडे गार झाले म्हणून बायकोची बोलणी खाल्ली.